कपाळावरचा लेख कोणाच्या हातचा?

मराठी भाषेत माणसाचे दुःख सर्वांत आधी तोंडावर येते. तोंड उतरते, तोंड सुकते, चेहरा पडतो, काळवंडतो, गालफडे बसतात, डोळे खोल जातात, चेहऱ्यावरची रया जाते. एवढे शब्दप्रयोग ज्या भाषेने घडवले, त्या भाषेच्या माणसांनी एकमेकांची तोंडे फार बारकाईने पाहिली असली पाहिजेत. आपल्या नागपूरकडच्या बोलीत तर लेकराने उंबऱ्यात पाऊल टाकताच आई विचारते, "काऊन रे बाबू, तोंड काऊन सुकलं तुयं?" लेकरू सांगो अथवा न सांगो, तिला उत्तर मिळालेले असते.

पण याच भाषेने आणखी एक समजूत जपून ठेवली आहे. मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते. म्हणून दारिद्र्य आपल्या 'पाचवीला पुजलेले' आणि कष्ट 'कपाळी लिहिलेले'. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने माझा या समजुतीवर साधा आक्षेप आहे. कोणताही लेख हाती आला की आम्ही दोन गोष्टी तपासतो : तारीख कोणती आणि हस्ताक्षर कोणाचे. सटवाईच्या लेखाची तारीखच जुळत नाही. पाचव्या दिवशीच्या बाळाचे कपाळ कोरे असते. रेघा पडतात त्या पुढे तीस-चाळीस वर्षांत, आणि त्या पाडणारा हात शोधायचा म्हटला तर तो सापडतो. तो मजुरीच्या दरात, सावकाराच्या वहीत, अर्धवट झोपेत, औषधाच्या न भरलेल्या चिठ्ठीत आणि चारचौघांत झालेल्या अपमानात असतो.

आठी आणि सुरकुती असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, हे मला मोठ्या शहाणपणाचे वाटते. आठी घातली जाते, सुरकुती पडते. आठी क्षणाची असते, प्रसंग सरला की कपाळ पुन्हा सपाट होते. तीच आठी रोज, त्याच जागी, वर्षानुवर्षे घालावी लागली की तिची सुरकुती होते आणि मग आनंदाच्या दिवशीही ती जात नाही. चिंता आणि कष्ट चेहऱ्यावर कसे दिसतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन शब्दांतच आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की चेहरा वाचणारा कोण आहे आणि वाचून तो काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. या लेखात मला प्रामुख्याने त्याविषयी लिहायचे आहे.

चार्ल्स डार्विन यांचे माणूस व प्राणी यांच्या भावमुद्रांवरील पुस्तक १८७२ साली प्रसिद्ध झाले. दुःख झाले की जगभरची माणसे सारखाच चेहरा करतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी देशोदेशीच्या परिचितांना प्रश्नावली पाठवली होती. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणारे जॉन स्कॉट हे त्यांपैकी एक. स्कॉट यांनी कळवलेला एक प्रसंग त्या जगप्रसिद्ध ग्रंथात नोंदला आहे आणि त्यातील स्त्री 'नागपूरची' आहे. उद्यानातील एका माळ्याची ती अगदी तरुण बायको. मरणाच्या दारात असलेल्या आपल्या तान्ह्या बाळाला ती पाजत होती. स्कॉट स्वतः तिच्या नजरेआड राहून काही वेळ तिचा चेहरा न्याहाळत होते. भुवयांची आतली टोके वर उचललेली, पापण्या मिटत आलेल्या, कपाळाच्या मध्यावर आठ्या, तोंड किंचित उघडे आणि ओठांची टोके खाली ओढलेली. डार्विन यांना हवी होती ती नेमकी हीच खूण. भुवया अशा तिरप्या करणारे स्नायू ठरवून हलवणे फार थोड्या माणसांना साधते, खरे दुःख मात्र ते आपोआप हलवते, असे त्यांचे निरीक्षण होते.

ग्रंथात तिचा उल्लेख 'धांगड' असा येतो. त्या काळी बंगालमध्ये मजुरीला येणाऱ्या, छोटा नागपूरच्या उराँव आदिवासींना हे नाव सर्रास लावत. त्यामुळे हे नागपूर आपले नव्हे, बहुधा छोटा नागपूरच असावे. आपल्या गावाचे नाव मोठ्या ग्रंथात दिसले म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. पण ती पोटासाठी मुलूख सोडून गेलेल्या श्रमिकाची बायको होती, तेव्हा ती आपली नव्हे असे तरी कसे म्हणावे?

पुढे स्कॉट झाडांच्या आडोशातून बाहेर आले आणि तिच्याशी बोलले. ती दचकली, ढसढसा रडली आणि माझ्या बाळाला बरे करा म्हणून त्यांना विनवू लागली. प्रसंग येथे संपतो. लगेच दुसरा सुरू होतो : आजारपण आणि गरिबी यांमुळे आपली लाडकी शेळी विकावी लागलेल्या एका माणसाचा. तो हातातल्या पैशांकडे पाहतो, शेळीकडे पाहतो, शेळी त्याचे हात चाटते. शेवटी मोठा उसासा टाकून तो रडतो, दोन्ही हात उचलून तिला आशीर्वाद देतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. त्याच्याही भुवया तशाच तिरप्या झाल्या होत्या.

त्या बाळाचे काय झाले? ग्रंथात ते नाही. त्या स्त्रीचे नाव नाही, शेळी विकणाऱ्याला कोणता आजार होता तेही नाही. डार्विन यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. सर्व मानवजात एक आहे आणि दुःखाची मुद्रा सर्वत्र एकच आहे, हे त्यांनी दाखवले, आणि वर्णवर्चस्वाच्या त्या काळात हे काही लहान काम नव्हते. स्कॉट आडोशातून बाहेर तरी आले, हेही मी त्यांच्या बाजूने मांडतो. तरीही ते बाळ माझा पाठलाग सोडत नाही. आईच्या भुवया किती अंशांनी तिरप्या झाल्या ते जगाला कळले आणि तिने जे मागितले त्याचे काय झाले ते कोणालाच कळले नाही.

निदान येथे चेहऱ्यावर दुःख वाचले गेले. पुढच्या पिढीतील साहेबांनी त्याच चेहऱ्यांवर जात वाचायला सुरुवात केली. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे मापनपट्टी घेऊन हिंदुस्थानातील नाके मोजणाऱ्यांचे अग्रणी. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धान्त. आपल्या मध्य प्रांतापुरते बोलायचे तर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा या प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. संदर्भ म्हणून तो आजही उपयोगी पडतो, मी स्वतः अनेकदा चाळला आहे. त्यातील छायाचित्रांखाली जातीचे किंवा धंद्याचे नाव येते, माणसाचे येत नाही. उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली ती माणसे कोणाचे तरी आजोबा-पणजोबा असतील. त्यांच्या तोंडावर पडलेले कष्ट त्या संग्रहात 'जातीचे वैशिष्ट्य' होऊन बसले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या नाकमोजणीला १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात जे उत्तर दिले, ते आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे असे मला वाटते. त्यांनी मोजमापे नाकारून विषय टाळला नाही. डॉ. घुर्ये यांनी मांडलेले तेच नाकाचे आकडे घेतले, प्रांताप्रांतांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की दोघांचा वंश एकच ठरतो. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ वंशात सापडत नाही. बाबासाहेबांच्या या विवेचनातून मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढतो. आपल्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यात आणि वाड्यातल्या माणसाच्या चेहऱ्यात जो फरक दिसत असे, तो हाडांचा कमी होता. तो उन्हाचा, उपासाचा आणि मान खाली घालून चालण्याच्या सक्तीचा होता.

आता दोन छायाचित्रे शेजारी ठेवा. पहिले अमेरिकेतील. १९३६च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचे छायाचित्र टिपले. दोन मुले तिच्या खांद्यांवर तोंड लपवून आहेत, तिचा हात गालाशी आहे, नजर दूर कुठेतरी आहे. मंदीच्या काळाचा चेहरा म्हणून ते जगभर गाजले. त्या बाईचे वय तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. पाहणाऱ्याला ती पन्नाशीची वाटते. तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्प्सन. ती मूळच्या चेरोकी या आदिवासी वंशातील. पण हे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. छायाचित्र घेताना ते कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या प्रसिद्धीतून आपल्या पदरात काहीच पडले नाही याचा राग तिने नंतर बोलून दाखवला.

दुसरे छायाचित्र आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. १९३४च्या फेब्रुवारीत राजगृहात काढलेले : बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पायाशी कुत्रा. रमाईंचा जन्म १८९८चा, म्हणजे त्या वेळी त्या ३६ वर्षांच्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे थोडे थांबून पाहा. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे त्यांनी गमावली होती. पती विलायतेत शिकत असताना घर ओढले होते. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. हे सारे त्या चेहऱ्यावर आहे आणि तरीही त्यात कोठे केविलवाणेपणा नाही. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी आपल्या वाट्याला आलेल्या अभावाच्या आणि चिंतेच्या, कोणी मित्र नसलेल्या दिवसांची आठवण काढली आहे आणि त्या दिवसांत रमाईंनी दाखवलेल्या शांत धैर्याची कृतज्ञ नोंद केली आहे. फ्लॉरेन्सचा चेहरा ४२ वर्षे बेनाव राहिला. रमाईंचा चेहरा वाचणारा माणूस त्यांच्या घरातच होता आणि त्याने तो नावानिशी ग्रंथाच्या पहिल्या पानावर नेला. दोन्ही छायाचित्रांतला फरक मला येथे दिसतो.

सिद्धार्थ गौतमाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून गृहत्याग केला, ही कथा आपण सर्व ऐकत आलो. बाबासाहेबांना ती पटली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला मान्य झाले नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा संघर्ष पुढे आणला. आपल्या विषयाच्या दृष्टीने या मांडणीला फार महत्त्व आहे. सुरकुतलेला चेहरा पाहून 'जरा आहेच, कोणाला चुकली?' असे म्हणणे सोपे असते. पण साठीतली सुरकुती आणि तिशीतली सुरकुती एका जातीची नसते. पहिली निसर्गाची आहे. दुसरीच्या मागे कोणते तरी पाणी अडवलेले असते.

आपले लकडगंज घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाचे ओंडके येथे येतात, आरामशिनींवर चिरले जातात आणि त्यांच्या फळ्या होऊन कोठे कोठे जातात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांचे वडील, काका, आजोबा या वखारींत हमाली करत आले. आरामशिनीवर उभ्या राहणाऱ्याचा चेहरा दुरून ओळखता येतो. भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो सदैव डोळे बारीक करतो आणि विशीतच डोळ्यांच्या कडांना जाळे पडते. ओंडका उचलणारा दात-ओठ खातो, त्याच्या जबड्याचे स्नायू बाहेर येतात आणि ओठ मिटलेला असतानाही ताणलेला राहतो. बांधकामावरच्या रेजाच्या गालांवर मे महिन्याचे ऊन आणि सिमेंट दोन्ही असते. तेंदूपत्त्याचे सूप मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या बाईची नजर दिवसभर खाली असते, मान उचलायला वेळ नसतो, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. असे प्रत्येक काम आपापली रेघ ओढते.

विड्या वळणाऱ्यांचे हे झुकलेले चेहरे कामठीच्या बाबू हरदासांनी वाचले होते. त्यांनी कामगारांना संघटित केले, रात्रशाळा काढल्या, १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळात निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, वयाच्या ३५व्या वर्षी. ज्यांनी 'जयभीम' हे अभिवादन रूढ केले, ते अभिवादन करताना मान वर उचलावी लागते, हा निव्वळ योगायोग असेलही, पण मला तो आवडतो.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्यापैकी अनेकांची घरे सावरली आहेत. माजी विद्यार्थी अभियंते, अधिकारी, प्राध्यापक झाले, पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण आईवडिलांच्या पुण्यानुमोदनाला जे फ्लेक्स लागतात, ते पाहून मन खट्टू होते. ज्या माउलीने रेजाकाम करून मुलाला साहेब केले, तिच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती त्या फ्लेक्सवर शिल्लक नसते. स्टुडिओवाल्याने गाल भरलेले असतात, रंग उजळलेला असतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसलेली असतात. कधी कधी तर शेजारच्या माणसाला नाव वाचून ओळख पटते. मुलाचा हेतू चांगलाच असतो, आई छान दिसावी इतकाच. पण तिच्या आयुष्याचा जो एकमेव दस्तऐवज होता, तो आपण दोन-तीनशे रुपये देऊन खोडून घेतला. तिने कधी डायरी लिहिली नाही, तिच्या नावावर सातबारा नव्हता, तिचा हजेरीपट ठेकेदाराने फेकून दिला. तिचा इतिहास होता तो तिच्या चेहऱ्यावर.

बाबासाहेबांच्या चित्रांचेही आपण असेच केले आहे. कॅलेंडरवरचा भरल्या गालांचा, टवटवीत चेहरा मुलांना ठाऊक असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर घेतलेली मूळ छायाचित्रे त्यांना दाखवा. पांढरी वस्त्रे, हातात काठी, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने थकलेले, ६५ वर्षांचे बाबासाहेब. दोन महिन्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या थकलेल्या चेहऱ्याने आपल्याला धम्म दिला. तो टवटवीत करून दाखवल्याने त्यांचे मोठेपण वाढत नाही, आपल्याला पडलेली किंमत तेवढी झाकली जाते. घरात मूळ छायाचित्र लावावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. आईवडिलांचेही मूळच लावावे, आणि त्याखाली नाव, जन्मसाल आणि त्या कोणते काम करत ते लिहावे. 'रेजा' लिहायला लाजू नये. ते लिहिले नाही तर आणखी पन्नास वर्षांनी त्या चेहऱ्याखाली दुसराच कोणी काहीतरी लिहील.

मोठ्यांच्या सुरकुत्या जपाव्यात. मुलांच्या आठ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे जपायचे काही नाही, त्या वेळेत वाचायच्या असतात. निवासी विद्यालयात मूल चोवीस तास आपल्या डोळ्यांसमोर असते आणि म्हणून आपली जबाबदारी इतर शाळांपेक्षा मोठी आहे. वर्गात पेंगणारे मूल आळशी ठरते, कपाळाला आठ्या घालणारे उद्धट ठरते, कशातच भाग न घेणारे मंद ठरते. पुष्कळदा पहिल्याला रात्री झोप लागत नसते, दुसऱ्याला फळ्यावरचे दिसत नसते आणि तिसऱ्याचे रक्त कमी असते. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहायला अर्धा मिनिट लागतो. ती गुलाबी असायला हवी. पांढुरकी दिसली तर मुलाला डॉक्टरकडे न्यावे, वर्गाबाहेर उभे करू नये.

विदर्भात याहूनही एक गंभीर कारण आहे आणि त्याविषयी आपण अजून मोकळेपणाने बोलत नाही. सिकलसेल. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत या आजाराचे प्रमाण मोठे आहे. मुलाच्या डोळ्यांत पिवळसरपणा, चेहऱ्यावर कायमची मरगळ, वरचेवर ताप, हातपाय आणि सांध्यांत असह्य कळा, काही मुलांत कपाळाची आणि गालांची हाडे पुढे आलेली. थंडी, कमी पाणी पिणे, ताप, अतिश्रम यांमुळे कळा उठतात. अशा मुलाला कवायतीत दोन फेऱ्या जास्त मारायला लावणे म्हणजे काय, याचा विचार करावा. तपासणी साधी आहे, सरकारी रुग्णालयांत होते. दोषाचा एकच अंश असेल तर मूल 'एएस' म्हणजे वाहक असते आणि सहसा निरोगी जगते, दोन्ही अंश असतील तर 'एसएस' म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न जुळवताना पत्रिका नव्हे, हा अहवाल पाहावा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाचा अहवाल प्रवेशाच्या वेळीच नोंदवला जावा आणि तो इतर मुलांपासून गुप्त राहावा, अशी माझी संचालक मंडळाला विनंती आहे.

कोणी म्हणेल, हा आजार तर जन्मानेच येतो, मग सटवाई खरीच म्हणायची! तसे नाही. शतकानुशतके मलेरियाच्या प्रदेशांत राहिलेल्या लोकांत हा गुण टिकला, कारण वाहकाला तो मलेरियापासून काही अंशी वाचवत असे. म्हणजे तोही इतिहासच आहे, फक्त रक्तात लिहिलेला. आणि जन्माने आलेल्या आजाराचा पुढे कसा चेहरा होतो, हे ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरते. वेळेत निदान, फॉलिक अ‍ॅसिड, डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया, पुरेसे पाणी, हिवाळ्यात स्वेटर, एवढे मिळालेले मूल आणि यांपैकी काहीच न मिळालेले मूल वर्गात शेजारी बसवून पाहा.

चेहरा सर्व काही सांगतो, असा मात्र माझा दावा नाही. विदर्भातील शेतकऱ्याने आत्महत्या केली की शेजारी हमखास म्हणतात, कालपर्यंत तर हसत होता, चेहऱ्यावरून काहीच वाटले नाही. चिंता एका मर्यादेपलीकडे गेली की माणूस ती लपवायला शिकतो. तासिका तत्त्वावर राबणारे आमचे तरुण सहकारी मुलांसमोर जे हसू घेऊन उभे राहतात, तेही या जातीचेच. त्यामुळे चेहरा पाहून थांबू नये, विचारावे. एकदा विचारून 'काही नाही सर' असे उत्तर आले तर दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

आणि पालकांनो, लपवण्यात तुम्ही फार तरबेज आहात. भेटीच्या रविवारी फाटकाजवळच्या नळावर बाप तोंड धुतो, ओल्या हाताने केस बसवतो, खिशातला रुमाल काढून मान पुसतो आणि मग आत येतो. भुवयांत अडकलेला भुसा तसाच असतो. आई येताना शेजारणीची साडी नेसून येते. मुलाने विचारले तर 'घरी सगळं बरं आहे.' पण तुमचे लेकरू तुमचेच तोंड वाचत लहानाचे मोठे झाले आहे. वडिलांचे काम सुटले, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटले नाही, आजी दवाखान्यात आहे, हे त्याला अर्ध्या तासात कळते. फक्त नेमके काय ते कळत नाही, आणि मग ते रात्रभर त्याहून वाईट काहीतरी कल्पीत राहते. तेव्हा लेकराला त्याच्या वयाला पेलेल इतके खरे सांगा आणि अधीक्षकांना सगळे खरे सांगा. फी राहिली असेल तर तेही सांगा.

भेटीच्या रविवारी रात्री वसतिगृहाच्या ताटांत भात उरतो. काही उरतो तो घरून आलेल्या चिवड्या-लाडवांमुळे, सगळाच नाही. स्वयंपाकघरातल्या बायांना हे अनुभवाने ठाऊक झाले आहे आणि त्या दिवशी त्या आधणात तांदूळ कमी टाकतात. त्यांनी तो नेहमीइतकाच टाकावा आणि त्या रात्री पंगतीत दोन शिक्षकांनी मुलांबरोबर जेवायला बसावे, असे मी सुचवतो.